एका पहारेकऱ्याच्या भरवशावर: टोमॅटो, करपा आणि पीएच-३

आमच्या जुन्नर-नारायणगाव पट्ट्यात टोमॅटोच्या प्लॉटवर सकाळी लवकर गेलं की जाणता माणूस आधी पान उलटं करतो. पानाला काहीतरी झालंय हे वरूनही दिसतं. कडेला किंवा टोकाशी काळपट-तपकिरी, तेल सांडल्यासारखा ओलसर डाग असतो. पण खरं उत्तर पानाखाली. डागाच्या कडेकडेने पिठूळ पांढरी लव दिसली की चर्चा संपली, हा उशिरा येणारा करपा. दहा वाजता ऊन चढलं की तीच लव दिसेनाशी होते. मग त्याच डागाला कुणी लवकर येणारा करपा म्हणतं, कुणी जिवाणूचे ठिपके, तर कुणी सरळ 'औषधाचा शॉक बसलाय' म्हणून मोकळं होतं.

करपा आला की आपण सगळे 'काय मारू?' एवढंच विचारतो. झाड स्वतः काय करतंय, हे विचारायची कुणाला फुरसत नसते. आणि झाड बरंच काही करत असतं. ते समजून घ्यायला मी इथे आपल्याकडचा प्लॉट नाही, तैवानमधलं एक प्रकरण घेतलंय. एका जंगली टोमॅटोत एक जनुक सापडलं, ते शेतातल्या टोमॅटोत आणलं गेलं, त्याने करपा अडवला, आणि मग शत्रूच बदलला. झाडाच्या संरक्षणाची ताकद आणि तिची मर्यादा दोन्ही इतक्या स्वच्छ दिसतात अशी उदाहरणं फार नाहीत.

जनुकाचं नाव पीएच-३. मातीचा सामू मोजतात त्या पीएचशी याचा काही संबंध नाही. फायटोफ्थोरा या रोगकारकाच्या नावातली ही पहिली दोन अक्षरं. एका कार्यक्रमात मी हे नाव घेतलं तेव्हा मागून प्रश्न आला होता, 'मग चुना टाकायचा का?' म्हणून आधीच सांगून ठेवतो.

बुरशी म्हणतात, पण बुरशी नव्हे

फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक सलग काही वर्षं बुडवून लाखो माणसं भुकेने मारली, तोच हा. बटाटा आणि टोमॅटो एकाच कुळातले, त्यामुळे त्याला दोन्ही घरं आपलीच. दिसायला, वागायला बुरशीसारखा असला तरी वंशाने तो बुरशी नाही. पाण्यातल्या तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यातला आहे. खऱ्या बुरशीची पेशीभित्ती कायटिनची असते, याची मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोजची. हा फरक पुस्तकी वाटतो, पण औषधाच्या बिलावर तो थेट दिसतो. कसा, ते पुढे येईल.

याला गारवा आणि ओल लागते. ढगाळ दिवस, रात्री दव किंवा रिमझिम, पान दहा-बारा तास ओलं, तापमान १५ ते २० अंशांच्या आसपास असलं की त्याचं काम जोरात चालतं. म्हणून आपल्याकडे एप्रिल-मेच्या टोमॅटोला त्याची भीती नाही. ऑगस्ट-सप्टेंबरची झड किंवा हिवाळ्यात अवेळी आलेला पाऊस आणि मागोमाग पडलेलं धुकं, हे त्याचे दिवस.

पानावरची एक रात्र

वाऱ्याने किंवा पावसाच्या शिंतोड्याने लिंबाच्या आकाराची एक सूक्ष्म पिशवी पानावर येऊन पडते. पाणी गार असेल तर तासा-दोन तासांत ती फुटते आणि आतून पोहणारे बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकाला दोन शेपट्या. पानावरच्या पाण्याच्या थरात ते अक्षरशः पोहतात. पाणी जरा उबदार असेल तर हा सोहळा होत नाही, पिशवीतूनच सरळ कोंब फुटतो. म्हणजे गारठ्यात एका पिशवीमागे अनेक हल्लेखोर आणि उबेत एकच. थंड रात्रीनंतर करपा एकदम पेटल्यासारखा का वाटतो, त्याचं एक कारण हे.

पोहणारा बीजाणू थांबतो, शेपट्या टाकतो, भोवती भिंत घालून घेतो आणि एक नळी काढतो. नळीचं टोक फुगून पानाला चिकटतं आणि तिथून तो दाब देऊन आत घुसतो. पर्णरंध्राची वाट बघत बसत नाही, थेट कातडीतून जातो.

झाडाची पहिली फळी म्हणजे ही कातडी. मेणाचा थर, त्याखाली क्युटिन, आणि वर ती चिकट लव. टोमॅटोची तोडणी करून आलेल्या बाईचे हात बघा, बोटं हिरवट-काळी झालेली असतात आणि साबणाने दोन-तीनदा धुतली तरी पिवळं पाणी निघतच राहतं. पानाखोडावरच्या ग्रंथी असलेल्या केसांतला तो रस. किडींसाठी तो चांगलाच जाच आहे. करप्याला मात्र तेवढ्याने अडवता येत नाही.

दुसरी फळी आतली आहे. घुसखोराच्या भिंतीचे तुकडे आणि त्याची काही ठरावीक प्रथिनं पेशीच्या बाहेरच्या आवरणावर बसलेल्या ग्राहकांना, म्हणजे बाहेरची चाहूल टिपणाऱ्या प्रथिनांना (रिसेप्टर), जाणवतात. 'कुणीतरी आलंय' एवढंच त्यांना कळतं, कोण ते नाही. पण तेवढ्यावर काही मिनिटांत पेशीत कॅल्शियमची लाट येते, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जळजळीत रसायनं तयार होतात, आणि घुसण्याच्या जागी आतून कॅलोज या पदार्थाचा गिलावा चढायला लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो छोट्या गाठीसारखा दिसतो. घरात चोराने बाहेरून भोक पाडायला घ्यावं आणि आतल्या माणसाने तिथेच माती थापत राहावं, तसं.

भोक पडलंच तर तो पेशीच्या भिंतीतून आत बोट खुपसतो. पेशी फोडत नाही, तिचं पातळ आवरण न फाडता आत दाबत नेतो. या बोटाला शोषकांग म्हणतात. पहिले दोनेक दिवस तो झाडाला मारत नाही, जिवंत ठेवून खातो. पान हिरवंगार दिसत असतं, शेतकरी निवांत असतो आणि आत बाजार मांडलेला असतो. मग तो पलटतो, पेशी मरू लागतात, डाग दिसतो आणि चार-पाच दिवसांत पानाखाली पांढरी लव. पहिला डाग दिसला त्या दिवशी रोग आला असं आपण धरतो, पण तो काही दिवस आधीच मुक्कामाला आलेला असतो.

या दोन दिवसांत दोन्ही बाजूंनी रासायनिक झुंज चालते, आणि ती मला या विषयातली सगळ्यात रंजक गोष्ट वाटते. झाड पेशींच्या मधल्या जागेत प्रथिनं कापणारी एन्झाइमं सोडतं. टोमॅटोतलं पी६९बी हे त्यांतलं एक. करप्याने त्यावर उतारा तयार ठेवलाय. ईपीआय१ आणि ईपीआय१० नावाची त्याची प्रथिनं पी६९बीला जाऊन चिकटतात आणि त्याची धार बोथट करतात. झाडाकडे सी१४ नावाचं आणखी एक कापणारं एन्झाइम आहे. करप्याचं एव्हीआरबीएलबी२ हे प्रथिन शोषकांगाभोवतीच्या आवरणापाशी जमतं आणि सी१४ पेशीबाहेर पडूच देत नाही. एका कोयत्याची धार घालवली, दुसरा म्यानातच अडकवला.

स्टेरॉलचा गुंता

इथे जरा थांबतो, कारण औषधाच्या बिलाचा विषय आता येतो.

माझ्या मामांचा टोमॅटोचा प्लॉट एका पावसाळ्यात करप्यात सापडला. तालुक्याच्या गावच्या एका दुकानदाराने त्यांना टेब्युकोनॅझोल दिलं. चांगलं बुरशीनाशक आहे, कांद्यावर, द्राक्षावर नाव आहे त्याचं. मामांनी चार दिवसांच्या अंतराने दोनदा मारलं. करप्याला ढिम्म काही झालं नाही. दुकानदार म्हणाला, 'पाऊस होता ना, धुऊन गेलं.' धुऊन नव्हतं गेलं. ते औषध या रोगावर चालणारंच नव्हतं.

टेब्युकोनॅझोल, हेक्झाकोनॅझोल ही 'कोनॅझोल' मंडळी बुरशीचा स्टेरॉलचा कारखाना बंद पाडतात. आपल्या पेशींच्या आवरणात जसं कोलेस्टेरॉल, तसं बुरशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल. ते बनेना झालं की बुरशी मरते. आणि फायटोफ्थोराकडे स्टेरॉल बनवायचा कारखानाच नाही. नसलेल्या गिरणीचा पट्टा कापून काय होणार?

गंमत पुढे आहे. जी चूक मामांच्या दुकानदाराने केली, तीच टोमॅटोच्या झाडाच्या बाबतीतही होते. टोमॅटोच्या पानांत आणि हिरव्या फळांत टोमॅटिन नावाचं कडू विष असतं. अनेक बुरशींना ते मारतं. कसं? त्यांच्या आवरणातल्या स्टेरॉलला जाऊन धरतं आणि आवरणाला भोकं पाडतं. फायटोफ्थोरा आणि त्याचा भाऊ पिथियम यांच्या आवरणात स्टेरॉल जेमतेम, त्यामुळे त्यांना टोमॅटिनचा त्रास कमी. झाडाचं ठेवणीतलं विष नेमक्या याच शत्रूवर फुसकं ठरतं.

पण झाडाकडे याच गुंत्याचं दुसरं टोकही आहे. फायटोफ्थोरा स्टेरॉल बनवत नसला तरी ते त्याला हवं असतं, त्याशिवाय त्याचं पुनरुत्पादन धड होत नाही. मग तो ते झाडाकडूनच उचलतो. रोग आला की झाड भरमसाट तयार करतं ती प्रथिनं 'पीआर' नावाने ओळखली जातात आणि त्यांतलं पहिलंच, पीआर-१, गेली कित्येक वर्षं कोडं होतं. ते वाढतं हे सगळ्यांना माहीत होतं, करतं काय ते कुणाला सांगता येत नव्हतं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते उलगडलं. पीआर-१ स्टेरॉलला घट्ट धरून ठेवतं. झाड उधार देणं बंद करतं, म्हणा. स्वतःचा कारखाना असलेल्या बुरशीला त्याने फारसा फरक पडत नाही, उधारीवर जगणाऱ्या फायटोफ्थोराची मात्र पंचाईत होते.

मी हे मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, 'म्हणजे झाडाला कळतं ते दुकानदाराला कळत नाही.' दुकानदाराचा एकट्याचा दोष नाही, डब्यावर 'बुरशीनाशक' एवढंच मोठ्या अक्षरात असतं.

पेरूच्या किनाऱ्यावरचा टोमॅटो

आतापर्यंत सांगितलेल्या सगळ्या फळ्या आपल्या बाजारातल्या साध्या टोमॅटोकडेही आहेत. तरी तो करप्यात जातो, कारण करप्याकडे त्या प्रत्येकीवर उतारा आहे. २००९ मध्ये फायटोफ्थोरा इन्फेस्टन्सचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. सुमारे २४ कोटी अक्षरांच्या त्या संचात झाडाच्या पेशीत सोडायची अशी साडेपाचशेहून जास्त शस्त्रं असावीत असा अंदाज निघाला. एवढ्या शस्त्रांपुढे 'कुणीतरी आलंय' एवढ्या मोघम सूचनेवर चालणारं संरक्षण पुरत नाही. कोण आलंय, हे ओळखणारा लागतो.

तैवानमध्ये ताइनानजवळ शानहुआला १९७१ पासून एक भाजीपाला संशोधन केंद्र आहे. पूर्वी त्याला एव्हीआरडीसी म्हणत, आता वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटर. टोमॅटोच्या जगभरातल्या वाणांचं आणि जंगली नातेवाइकांचं बी तिथे साठवलेलं आहे. १९९० च्या दशकात तिथे करप्यासाठी चाळणी लावली. पद्धत साधी असते: रोपं ट्रेमध्ये वाढवायची, करप्याच्या बीजाणूंचं पाणी त्यांच्यावर फवारायचं, अंधाऱ्या दमट खोलीत ठेवायची आणि आठवड्याभरात कोण झोपतं, कोण उभं राहतं ते बघायचं. बहुतेक झोपतात. एल३७०८ या क्रमांकाची रोपं उभी राहिली.

एल३७०८ म्हणजे सोलॅनम पिंपिनेलिफोलियम, मनुक्याएवढी लाल फळं येणारा जंगली टोमॅटो, मूळचा पेरूचा. आपल्या टोमॅटोचा हा इतका जवळचा नातेवाईक की दोघांचा संकर सहज होतो. त्यातली प्रतिकारशक्ती नवव्या क्रोमोसोमच्या लांब बाजूवर आहे हे पुढे सापडलं आणि तिला पीएच-३ नाव मिळालं. त्याआधीची दोन भावंडंही सांगायला हवीत. पीएच-१ सातव्या क्रोमोसोमवरचं, १९५० च्या दशकातलं. करप्याच्या टी१ नावाच्या जातीने ते लवकरच निकालात काढलं. पीएच-२ दहाव्या क्रोमोसोमवरचं, वेस्ट व्हर्जिनिया ७०० या वाणातून आलेलं. ते रोग थांबवत नाही, त्याची चाल मंद करतं. पीएच-३ या दोघांपेक्षा दणकट निघालं.

२०१४ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी हे जनुक वेगळं काढून वाचलं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या आतलं पहारेकरी प्रथिन आहे. हे पेशीबाहेरच्या ग्राहकांसारखं नाही. करप्याने आत सोडलेलं एखादं विशिष्ट शस्त्र, किंवा त्या शस्त्राने केलेला बदल, ते ओळखतं. आणि ओळखलं की वाटाघाटी नाहीत. ती पेशी स्वतःला मारून घेते, आजूबाजूच्या काही पेशीही. करप्याला पहिले दोन दिवस जिवंत पेशीच हवी असते, मेलेल्या पेशीत त्याचं शोषकांग उपाशी राहतं. पानावर आपल्याला फक्त टाचणीच्या टोकाएवढे कोरडे तपकिरी ठिपके दिसतात. ते वाढत नाहीत, त्यांच्याखाली लव येत नाही. मी हे ठिपके पहिल्यांदा पाहिले तेव्हा रोगच समजलो होतो. ती खरं तर झाडाने केलेली नाकाबंदी होती.

पीएच-३ चं प्रथिन रचनेने दोन ओळखीच्या पहारेकऱ्यांच्या जवळचं आहे. एक टीएम-२ कुटुंब, जे टोमॅटोला मोझॅक विषाणूपासून वाचवतं. दुसरं आरपीआय-व्हीएनटी१, जंगली बटाट्यातलं, तेही करप्याविरुद्धचंच. नवव्या क्रोमोसोमच्या त्या आळीत पहारेकऱ्यांची वस्तीच आहे म्हणायला हरकत नाही. बटाट्याच्या त्या भावाबद्दल अलीकडे एक भारी गोष्ट कळली. तो ज्या प्रथिनावर नजर ठेवून करपा ओळखतो, त्याचं हरितद्रव्यकणांत जाणारं रूप उजेडातच तयार होतं. अंधारात पहारा ढिला पडतो. झाडाच्या संरक्षणाला दिवस-रात्र असते, हे माझ्या तरी डोक्यात त्याआधी कधी आलं नव्हतं.

शत्रू बदलला

एव्हीआरडीसीने एल३७०८ मधून पीएच-३ शेतातल्या टोमॅटोत आणलं. सीएलएन२०३७बी ही त्यातली नावाजलेली ओळ, म्हणजे पैदाशीतून तयार केलेला वाण. जंगली टोमॅटोशी एकदा संकर, मग पुन्हा पुन्हा चांगल्या फळाच्या टोमॅटोशी, आणि दर पिढीत करप्याच्या पाण्याची फवारणी करून टिकलेलीच रोपं पुढे न्यायची. कष्टाचं काम, आणि यशस्वीही झालं.

मात्र तैवानमधला करपा त्याच काळात बदलत होता. तोपर्यंत तिथे यूएस-१ नावाचा जुना वंश होता, जगभर पसरलेला, मेटालॅक्झिल या औषधाला बळी पडणारा. १९९८ च्या सुमारास यूएस-११ हा वंश आला आणि काही काळातच त्याने जुन्याची जागा घेतली. हा मेटालॅक्झिलला दाद देत नव्हता आणि टोमॅटोवर जास्त आक्रमक होता. नंतर गोळा केलेल्या नमुन्यांची तपासणी झाली तेव्हा पीएच-३ असलेल्या झाडांवरही निवांत वाढणारे काही निघाले.

ही तपासणी कशी करतात ते बघण्यासारखं आहे. चार-सहा ओळखीच्या ओळींची रोपं शेजारी शेजारी लावतात. टीएस१९, जिच्यात काहीच नाही. टीएस३३, जिच्यात पीएच-१. वेस्ट व्हर्जिनिया ७००, पीएच-२. सीएलएन२०३७बी, पीएच-३. आणि खुद्द एल३७०८. शेतातून आणलेला करपा सगळ्यांवर फवारायचा. तो ज्या ओळींवर वाढला, त्यांच्या जनुकांचे आकडे त्याच्या नावाला लागतात. फक्त टीएस१९ वर वाढला तर टी०. पहिल्या तिन्ही जनुकांना हरवलं तर टी१,२,३. पोलीस ठाण्यातल्या ओळखपरेडीसारखंच हे, फक्त इथे चोरासमोर साक्षीदार उभे करतात.

पहारेकरी हरतो म्हणजे काय होतं? पीएच-३ बिघडत नाही. ते जसं होतं तसंच असतं. ते ज्याला ओळखत होतं तो चेहरा समोर येत नाही. करप्याची ही शस्त्रांची जनुकं त्याच्या जनुकसंचातल्या विरळ वस्तीच्या भागात असतात, आजूबाजूला सारख्या उड्या मारणाऱ्या, पुनरावृत्तीच्या डीएनएचा पसारा. तिथे बदल झपाट्याने होतात. कधी शस्त्राचा आकार थोडा बदलतो, कधी जनुक गळून पडतं, आणि कधी ते जागेवर ठेवून नुसतं गप्प बसवलं जातं. आरपीआय-व्हीएनटी१ ला चकवणाऱ्या करप्यांत हा तिसरा प्रकार सापडलाय. चोराने चप्पल बदलली नाही, हातात घेतली. साडेपाचशे शस्त्रांत एक-दोन वापरली नाहीत म्हणून त्याचं काही अडत नाही.

या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची नोंद मला पुढची वाटते. पीएच-३ घेतलेली सीएलएन२०३७बी जिथे आडवी होत होती, तिथे एल३७०८ त्यापेक्षा बरीच तग धरत होती. जनुक तेच, तरी मूळ झाड जास्त दणकट. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात एल३७०८ वर काम झालं तेव्हाही हेच दिसलं की तिची पूर्ण प्रतिकारशक्ती एकट्या पीएच-३ ने येत नाही, सोबतीला दुसरे घटक लागतात. संकरात आपण ठळक दिसणारं एक जनुक उचललं, आणि त्याच्या पाठीशी उभं असलेलं घराणं पेरूलाच राहिलं. सुनेला घरात आणावं आणि तिच्या माहेरची वाटच मोडावी, तसं काहीसं.

यावरचा एक व्यवहार्य मार्ग अमेरिकेतल्या पैदासकारांनी धरला. पीएच-२ आणि पीएच-३ एकत्र. 'माउंटन मॅजिक', 'आयर्न लेडी' हे त्या जोडीचे वाण. एक चाल मंद करतो, दुसरा ओळखून अडवतो. दोघांना एकाच वेळी चकवणं करप्याला अवघड जातं. अशक्य नाही, अवघड.

आपल्या बांधावर

तैवानचं प्रकरण इकडे का आणलं, तर आपल्याकडेही वंशबदल होऊन गेलाय. युरोपात २००४ च्या सुमारास दिसलेला १३_ए२ हा वंश, ज्याला 'ब्लू १३' म्हणतात, २००९-१० मध्ये दक्षिण-पश्चिम भारतात टोमॅटोवरच्या मोठ्या उद्रेकामागे असल्याचं निष्पन्न झालं. तोही मेटालॅक्झिलला न जुमानणारा. ज्या औषधाच्या जिवावर आपली एक पिढी करप्याला घाबरायची नाही, त्याचं वजन तिथेच कमी झालं. 'पूर्वी या औषधाने दोन दिवसांत करपा बसायचा' असं म्हणणारे म्हातारे खोटं बोलत नाहीत. तेव्हाचा करपा वेगळा होता.

वाणाच्या बाबतीत आपल्या हातात काय आहे? बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'अर्का अभेद' हा संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांच्यासोबत उशिरा येणाऱ्या करप्यालाही प्रतिकारक्षम म्हणून दिलेला आहे. त्याआधीचा 'अर्का रक्षक' तीन रोगांचा, त्यात करपा होता तो लवकर येणारा. हा फरक रोपवाटिकेत कुणी सांगत नाही. पाकिटावर 'करपा सहनशील' एवढंच असेल तर मी एकच प्रश्न विचारतो, कोणता करपा? लवकर येणारा म्हणजे अल्टरनेरिया, गोल गोल वलयांचा, खरीखुरी बुरशी. दोघांचा एकमेकांशी आडनावापलीकडे काही संबंध नाही.

रोपांवरून आठवलं. टोमॅटोच्या बियातून हा रोग सहसा येत नाही, रोपांतून मात्र येतो. २००९ मध्येच अमेरिकेच्या पूर्व भागात करप्याची प्रचंड साथ आली. दुकानांतून घरगुती बागांसाठी विकल्या गेलेल्या रोपांनी ती पसरवायला मोठी मदत केली. जून गार आणि ओला होता, रोप लोकांच्या परसात गेलं, तिथून वाऱ्यावर शेजारच्या शेतात. म्हणून ट्रे उतरवून घेताना खालची पानं उलटून बघायला लाजू नये. रोपवाला तोंड वाकडं करेल, करू दे.

बाकी झाडाला मदत म्हणजे बहुतेक वेळा पान कोरडं ठेवायला मदत. पहारेकरी नसलेल्या वाणातही बाकीच्या फळ्या काम करत असतात, फक्त त्यांना वेळ हवा असतो. पान दहा तास ओलं राहिलं तर करप्याला पुरेसा वेळ मिळतो, चार तासांत सुकलं तर बहुतेक बीजाणू आत शिरण्याआधीच संपतात. ओळी वाऱ्याच्या दिशेने, तार-बांबूची बांधणी वेळेवर, खालची पानं काढलेली, पाणी ड्रीपने, आणि युरियाचा हात आखडता. युरिया जास्त झाला की झाड लुसलुशीत होतं, पानं दाटतात आणि आतला ओलावा दुपारपर्यंत हटत नाही. मामांच्या प्लॉटमध्ये त्या वर्षी टेब्युकोनॅझोलपेक्षा मोठी चूक ही होती, असं मला आजही वाटतं. झाडं छातीएवढी, काळीशार हिरवी, येणारा-जाणारा थांबून कौतुक करायचा. दुपारी बारा वाजता आत हात घातला तर मनगटापर्यंत ओला.

फवारणी नको असं मी म्हणत नाही. झड लागली असेल तर नुसत्या झाडाच्या जिवावर प्लॉट सोडणं परवडणारं नाही, आणि प्रतिकारक्षम वाण घेतला तरी दोन-चार फवारण्या लागतातच. पण पहाऱ्याचं जनुक असलेल्या वाणात फवारणीचा एक वेगळा फायदा आहे. शेतात करप्याचे बीजाणू जितके कमी, तितकी त्यांच्यात एखादा नवा, न ओळखला जाणारा चेहरा निपजायची शक्यता कमी. औषध इथे झाडापेक्षा पहारेकऱ्याला वाचवतं. दर वेळी तेच आंतरप्रवाही, म्हणजे झाडात शिरून आतून काम करणारं औषध मारत राहिलं तर आपण तैवानमधला आणि आपल्याकडचा मेटालॅक्झिलचा धडा पुन्हा गिरवू. स्पर्शजन्य, म्हणजे पानावरच राहून काम करणारं मॅन्कोझेब आधी, वातावरण बघून, आणि आंतरप्रवाही गट बदलून बदलून, हे कृषी विद्यापीठांच्या शिफारशींत असतंच. औषध कोणत्या पद्धतीने मारतं ते सांगणारा डब्यावरचा गट क्रमांक मात्र कुणी वाचत नाही.

एल३७०८ चं फळ जेमतेम एक सेंटीमीटरचं असतं. नारायणगावच्या बाजारातलं वीस किलोचं क्रेट त्याने भरायचं म्हटलं तर तोडणीवाल्या बायका पहिल्या दिवशीच काम सोडून जातील. चव आंबट-गोड, साल पातळ, बी भरपूर, बाजारभाव शून्य. शानहुआच्या शीतगृहात त्याच्या बियांची पाकिटं अजून आहेत. कुठून नवा करपा आला की ओळखपरेडीच्या ट्रेमध्ये शेवटच्या रांगेत ती रोपं अजूनही लावतात.